ताप उतरला त्या दिवशी

"ताप उतरी गया ना भाऊ, आते कसाले दवाखाना?" आजीनं मला ओट्यावरच अडवलं. अमळनेर तालुक्यातलं गाव, कापसाच्या पहिल्या वेचणीचे दिवस. सोळा वर्षांचा नातू चार दिवस तापानं फणफणला होता आणि त्या सकाळी अंग गार लागलं म्हणून घर खुशीत. मी आरोग्यसेवक, खरं तर रांजण-टाक्यांतल्या अळ्या बघायला आलो होतो.

पोरगा खाटेवर सारखा कूस बदलत होता. रात्रीपासून तीन उलट्या, पोटात दुखतंय, सकाळपासून लघवी नाही. हात धरला तर थंडगार. आशाताईंनी उपकेंद्रातून बीपीचं मशीन आणलं. 90 आणि 76. वरचा आकडा कमी होताच, पण मला धडकी भरली ती दोघांमधल्या अंतराची. ते साधारण 40 असतं. डेंग्यूत ते 20 वर किंवा त्याखाली आलं की शॉक धरायचा, म्हणजे अवयवांना रक्त पुरेनासं झालंय.

108 ला फोन केला. गाडी येईपर्यंत त्याला चमच्या-चमच्यानं ओआरएस पाजत बसलो.

"पेशी कितल्या शेतस?" काका विचारत राहिले. आमच्याकडे डेंग्यू म्हटलं की पेशी, पपईच्या पानांचा रस आणि बकरीचं दूध. पेशी, म्हणजे प्लेटलेट, घटतात खऱ्या, पण घात बहुतेकदा झिरपण्यानं होतो. ताप उतरतो तेव्हा रक्तातला विषाणूही ओसरत असतो, पण त्याच्याशी झुंजताना शरीरानं सोडलेल्या रसायनांनी बारीक रक्तवाहिन्या गळक्या झालेल्या असतात. रक्तातलं पाणी पोटात, छातीत उतरतं आणि मागे उरलेलं रक्त दाट होतं. हे एक-दोन दिवस सलाईन मोजून-मापून देत काढायचे. जास्त झालं तरी ते फुफ्फुसात भरतं.

धुळ्याच्या हिरे मेडिकल कॉलेजात त्याला आयसीयूत घेतलं. तपासणीत डेंग्यू निघाला, आणि हा दुसऱ्यांदा झालेला असल्याचंही कळलं. पहिला कधी झाला, घरात कुणालाच आठवेना. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एक होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण जन्मभर मिळतं. पण दुसरा प्रकार शिरला की पहिल्या वेळची जुनी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) त्याला चिकटतात, मारत मात्र नाहीत; उलट शरीराच्या पेशींत शिरायला त्याला वाट करून देतात. गोवर एकदा झाला की सुटलो, हा हिशेब इथे चालत नाही. लोकांना हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं होतं.

संध्याकाळी परत त्याच घरी गेलो. रांजणात बॅटरी मारली तर अळ्या वळवळत तळाकडे पळाल्या. "पानी आठ दिनमा येस भाऊ, फेकी दिधं ते पेवाले काय राही?" आजीचं म्हणणं खोटं नव्हतं. अंड्यापासून डास व्हायलाही आठ-दहा दिवसच लागतात. नळाचं आणि डासाचं वेळापत्रक अगदी जुळतं. शिवाय अंडी पाण्याच्या रेषेवर, आतल्या भिंतीला चिकटलेली. नुसतं पाणी ओतून ती निघत नाहीत, कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात. मग आशाताईंनी आणि मी काथ्यानं रांजण आतून खरवडून काढला.

सहाव्या दिवशी पोरगा घरी आला. भेटायला गेलो तर रांजण अंगणात उन्हात पालथा. बरं वाटलं. पाणी कुठे भरलंय विचारलं, तर आजीनं मोरीजवळच्या नव्या निळ्या ड्रमकडे बोट दाखवलं.

झाकण नव्हतं. मी पिशवीतून बॅटरी काढली.