बर्फातनं निघालेला रॉजर विल्यम्स
काल संध्याकाळी सांगलीत आयर्विन पुलावर उभी होते, पण डोक्यात सकाळी भाचीला शिकवलेला रॉजर विल्यम्सच, सतराव्या शतकातला अमेरिकेतला पाद्री. इंग्लंडच्या चर्चचा जाच नको म्हणून प्युरिटन, म्हणजे चर्च अजून शुद्ध करा म्हणणारी कडवी ख्रिस्ती लोकं, १६३०ला अमेरिकेत बोस्टनला आली आणि तिथं त्यांनीच दुसऱ्यांना छळलं, हे मला पचतच नाही बघा. विल्यम्स म्हणायचा, देवाच्या बाबतीत सरकारनं जबरदस्ती करू नये, आणि जमीन इथल्या मूळ लोकांची, राजा कोण ती वाटणारा! म्हणून १६३५ला त्याच्या हद्दपारीचा हुकूम निघाला. भर थंडीत बर्फातनं तो एकटा निघाला, तिथल्या मूळ लोकांपैकी वाम्पानोआग लोकांनी आसरा दिला, नॅरागॅन्सेट लोकांनी जमीन, आणि १६३६ला त्याचं प्रॉव्हिडन्स गाव वसलं. मेरी डायर ही बाई मात्र क्वेकर, म्हणजे प्युरिटनांनी बंदी घातलेल्या एका ख्रिस्ती पंथाची; हाकलल्यावरही ती बोस्टनला परत गेली आणि १६६०ला तिथंच फासावर गेली. भाची पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "मावशी, हाकललं होतं तर परत कशाला गेली गं?" म्हटलं, बाळा, तो कायदाच चुकीचा होता, तेच सांगायला गेली.