हजार पाणटिवळ्यांतला एक

ओडिशातलं चिलिका सरोवर म्हटलं की लोक सातपाड्याला डॉल्फिन बघायला जातात. आम्ही गेलो सरोवराच्या उत्तर काठाला, मंगलाजोडीला, आणि तेही एका पक्ष्यापायी. एशियन डाउविचर. वीण सायबेरिया-मंगोलियाकडे, हिवाळा बहुतेक सुमात्रा-जावाच्या किनाऱ्यांवर. भारतात फार थोडे येतात. चिलिकात त्याच्या नोंदी आहेत, तेवढ्या आशेवर निघालो.

पंचाईत अशी की हा पठ्ठ्या दिसायला थेट काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्यासारखा, म्हणजे गॉडविटसारखा. आणि मंगलाजोडीत पाणटिवळे हजारोंनी! हिवाळ्यात सगळेच करडे. पाणटिवळ्याच्या चोचीचं बूड गुलाबी असतं, डाउविचरची चोच अख्खी काळी. वाचायला सोपं. प्रत्यक्षात चोच कायम चिखलात.

नाव उथळ पाण्यातून बांबू रेटत चालली होती. नावाडी पन्नाशीचा. हे गाव एके काळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी बदनाम होतं. 2000 सालच्या सुमारास शिकारीच राखणदार झाले. "तेव्हा पक्ष्यांची नावं ठाऊक होती का?" मी विचारलं. "मारायचं त्याला नाव कशाला लागतंय, साहेब?" तो हिंदीत म्हणाला आणि पुन्हा बांबूला लागला.

शेकाटे, जांभळ्या पाणकोंबड्या, चक्रवाक, तलवार बदकं सगळी हाताच्या अंतरावर. एरवी मी वेडा झालो असतो, त्या दिवशी नुसती अडचण वाटत होती. दुर्मिळाचा नाद लागला की माणूस असा कृतघ्न होतो.

तिसऱ्या तासाला नावाड्याने बांबू थांबवला. "चोंच छोड़ो, चाल देखो." थव्याच्या कडेला एक जण वेगळाच खात होता. बाकीचे निवांत टोचत होते. हा मात्र शिलाई मशीनच्या सुईसारखा, सरळ खाली-वर, खाली-वर. डाउविचर असाच खातो! मी कॅमेरा उचलला, तोच दलदलीवरचा ससाणा घिरटी घालत आला आणि अख्खा थवा उठला. पंखांवर पांढरे पट्टे, काळ्या शेपट्या, नुसता गोंधळ. त्यात पट्टा नसलेला डाउविचर शोधायचा तरी कुठे?

हाती एकच फोटो. त्यात चोच चिखलात, बुडापर्यंत.

वहीत मी नाव लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं. नावाड्याने ते बघितलं. "कल पाँच बजे?" त्याने विचारलं. मी परतीचं तिकीट पुढे ढकललं.