तुम्ही विचारलंत म्हणून: कुलपाचं बटण

लातूरच्या ट्यूशन एरियातल्या झेरॉक्सवाल्यांसाठी मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलंय. पीडीएफ टाकली की कोरी पानं गळतात, एका कागदावर चार पानं बसतात आणि पाठपोट प्रिंट निघते. ते बघून इंजिनिअरिंगची पोरं हमखास विचारतात, "सर, ह्याच्यावर लोकं क्लासच्या चोरलेल्या नोट्स छापायलेत. उद्या तुम्हीच अडकलाव तर?"

चार पानं एका कागदावर बसवणं हा गुन्हा नाही. स्वतःच्या नोट्स, जर्नल, अर्ज असलं कितीतरी त्यात छापलं जातं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ पकडतं ते जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्याला किंवा त्याला साथ देणाऱ्याला. तुरुंगवास ३ वर्षांपर्यंत.

खरा घोटाळा मी पँप्लेटात करून ठेवला होता. 'कुठल्याही क्लासच्या नोट्स, निम्म्या खर्चात!' वकील मित्राने चहा पिता पिता 'कुठल्याही क्लासच्या' खाली पेनने रेघ ओढली आणि ग्रोक्स्टरची गोष्ट सांगितली. फाईली वाटायचं अमेरिकन सॉफ्टवेअर. २००५ साली तिथलं सर्वोच्च न्यायालय त्यावर उलटलं, कारण गाणी फुकट वाटणाऱ्या आणि बंद पडलेल्या नॅप्स्टरच्या गिऱ्हाईकांना ओढायचा बेत खुद्द कंपन्यांच्याच कागदांत आणि जाहिरातींत सापडला. "तो निकाल इथं बंधनकारक नाही," मित्र म्हणाला, "पण 'जाणूनबुजून' सिद्ध करायला तुझं पँप्लेट बास आहे." दोन गठ्ठे रद्दीत गेले. छपाईचे पैसे अजून आठवतात.

मग दुकानदारांची मागणी आली, "सर, लॉक काढायचं बटण तेवढं टाका की."

टाकणं अवघड नाही, तीच तर पंचाईत आहे. फाईल उघडते पण प्रिंट होत नाही, तेव्हा ती बंदी म्हणजे फाईलमधली एक खूण असते. ती पाळायची की नाही, हे सॉफ्टवेअर लिहिणारा ठरवतो. पण २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं: हक्क मोडायच्या हेतूने असं कुलूप तोडलं तर २ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. माझं सॉफ्टवेअर ती खूण पाळतं. एक दुकानदार रुसून दुसरं फुकटचं सॉफ्टवेअर वापरायला लागला. लागू दे.

एकदा मात्र कुलूप मी स्वतः काढून दिलं. एमपीएससी करणारा एक अंध मुलगा आला. त्याने विकत घेतलेल्या पुस्तकाच्या फाईलला कुलूप, म्हणून मोबाईल ते मोठ्याने वाचून दाखवेना, प्रत्येक पानावर नुसता गप्प. अपंगांना वाचता येईल अशी प्रत करायला कलम ५२ मोकळीक देतं, आणि कायद्याने मनाई नसलेल्या कामासाठी कुलूप काढलं तर ६५अ आड येत नाही. त्यासाठी ६५अ ची अट: ज्याला मदत केली त्याचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि कारण लिहून ठेवायचं.

मी शंभरपानी वही काढली. पत्ता सांगता सांगता त्याने विचारलं, "सर, पोलिसात द्यायलाव का काय?"

त्या वहीत आजवर तीन नावं आहेत. तिन्ही पोरं स्क्रीन रीडरवर, म्हणजे मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, वाचणारी.