अपघातानंतरचा जबाब: माझा अनुभव

घाटकोपरमध्ये लहान विमानाचा अपघात म्हटलं की लोकांना २८ जून २०१८ ची दुपार आठवते. जुहूहून चाचणीसाठी उडालेलं किंग एअर सी-९० इथल्या एका बांधकामावर कोसळलं. विमानातले चौघं आणि रस्त्यावरचा एक जण गेला. त्यामुळे माझ्या विमानाच्या अपघाताची बातमी घाटकोपरमधल्या आमच्या पंतनगरात पोचली तेव्हा शेजारच्या काकू आईला काय विचारायचं तेच ठरवू शकत नव्हत्या.

मी विमान उडवायला शिकतेय. मी आणि माझे इन्स्ट्रक्टर, दोघंही वाचलो. सरांना खरचटलं होतं, माझं कॉलरबोन मोडलं होतं. त्यानंतर जे काही पार पाडावं लागलं त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून लिहितेय. मुंबईची मुलं उड्डाण शिकायला धुळे, बारामती, गोंदियाला जातात आणि घरची माणसं इथे असतात. हे त्यांच्यासाठीही आहे.

जुन्या, कार्ब्युरेटरवाल्या (इंजिनात हवा आणि इंधन मिसळणारा भाग) सेस्ना १७२ या छोट्या विमानात आम्ही होतो. टेकऑफनंतर थोड्याच उंचीवर इंजिनाची ताकद गेली. सर ‘आय हॅव कंट्रोल’, म्हणजे विमान आता माझ्या हातात, असं म्हणाले, नाक खाली घेतलं आणि समोरच्या शेताकडे निघाले. ते मागे वळले नाहीत. एवढ्या कमी उंचीवर धावपट्टीकडे वळायला गेलं की वेग पडतो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांना पुरेशी उचल मिळत नाही, आणि सावरायला जागा उरत नाही. जगभर कितीतरी जण त्या वळणात गेलेत. सरांच्या सांगण्यावरून मी दाराची कडी काढून ठेवली, कारण आदळल्यावर चौकट वाकली तर दार उघडत नाही. पुढचं चाक बांधाला अडकलं आणि विमान पालथं झालं. उलटं लटकताना पट्टा सोडायच्या आधी एक हात छताला टेकवायचा, नाहीतर सगळा भार मानेवर येतो. माझा एक हात उचलतच नव्हता, तेव्हा सरांनी मला धरून पट्टा सोडला.

त्यानंतर दवाखाना, दारू प्यायलेलो नव्हतो ना हे बघायला रक्ताचा नमुना, पोलीस, पंचनामा. हे सगळं ठरल्याप्रमाणे झालं. सांगण्यासारखं आहे ते जबाबाबद्दल.

आपल्याकडे असे तपास एएआयबी, म्हणजे विमान अपघात तपास ब्युरो, करते. केंद्र सरकारची ही यंत्रणा २०१२ मध्ये स्थापन झाली. २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटलंय की तपासाचा उद्देश पुढचे अपघात टाळणं हाच आहे, दोष कुणाचा हे ठरवणं नाही. पोलिसांचा जबाब आणि हा जबाब म्हणूनच वेगळे. माझ्या घरच्यांना हे पटवायला वेळ लागला. काका वकिलाशिवाय तोंड उघडू नकोस म्हणत होते, आई सरांना सांभाळून घे म्हणत होती. दोघंही प्रेमापोटीच बोलत होते. पण प्रशिक्षणाच्या या छोट्या विमानांत बहुतेक वेळा ब्लॅक बॉक्स नसतो. इंजिनाचे तुकडे, देखभालीच्या नोंदी, टॉवरचं रेकॉर्डिंग, हवामान आणि आत बसलेल्यांना जे आठवतं ते, एवढ्यावरच तपास चालतो. त्यातल्या शेवटच्या गोष्टीत भेसळ झाली तर पुढच्या मुलांचं नुकसान होतं.

दवाखान्यात असतानाच, कुणाशी फारसं बोलायच्या आधी, मी दादाच्या फोनवर सगळं क्रमानं बोलून ठेवलं. ही गोष्ट प्रत्येकानं करावी असं मला मनापासून वाटतं. कारण घरी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिकत सांगावी लागली आणि ती हळूहळू बदलत गेली. एका बातमीत ‘धूर’ म्हटलं होतं. मलाही धूर दिसल्यासारखं वाटायला लागलं. रेकॉर्डिंग ऐकलं तर त्यात धुराचा उल्लेखच नव्हता.

तपास अधिकाऱ्यांचे प्रश्न बारीक होते. ताकद एकदम गेली की खडखडत गेली? आरपीएमची, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारी, सुई कशी पडली? इंधनाचा सिलेक्टर, म्हणजे कुठल्या टाकीतून इंधन घ्यायचं ते ठरवणारी कळ, कुठे होता? सकाळी टाकीतून नमुना काढून पाणी बघितलं होतं का, आणि कुणी? कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ, ओढली तेव्हा आवाजात फरक पडला का? हवा दमट असेल तर उबदार दिवशीसुद्धा कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरतो, म्हणून तो प्रश्न. काही गोष्टी मी ठामपणे सांगितल्या. कार्ब हीटनंतरच्या आवाजाबद्दल मात्र ‘आठवत नाही’ म्हणाले. साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं आणि म्हणाले, अंदाज सांगण्यापेक्षा हे बरं. कारण काय असावं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आणखी दोन गोष्टी. पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी नीट वाचा. तिकीट काढून प्रवास करणारे प्रवासी सोडले तर विमान उड्डाणातला अपघात अशा पॉलिसींत सहसा वगळलेला असतो. आमच्याही पॉलिसीत तेच निघालं. आणि मेडिकलची, म्हणजे उड्डाणासाठीच्या वैद्यकीय तपासणीची, घाई करू नका. हाड जुळेपर्यंत मी तात्पुरती अनफिट होते, मग बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये तपासणी झाली. तिथे खांद्याची हालचाल फार बारकाईनं बघतात. कमर्शियल लायसन्ससाठी लागणारे २०० तास गेल्या पाच वर्षांतले असावे लागतात, त्यामुळे तास वाया जातील ही भीती मलाही होती. पण पाच वर्षं म्हणजे बराच वेळ आहे.

आता मी फिट आहे. परतल्यावर पहिली काही उड्डाणं इन्स्ट्रक्टरबरोबरच होतील आणि ते सरच असावेत, अशी विनंती मी केली आहे. तपासाचा अंतिम अहवाल यायचा आहे. तो आला की कार्ब्युरेटर आणि इंधनाचा भाग मी आधी वाचणार आहे.