बिंदू चौकातून दिसलेलं एक व्यंगचित्र

गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, हातात चाबूक. त्यांच्या पाठीमागे चाबूक उगारलेले नेहरू, भोवती बघ्यांची गर्दी, आणि गोगलगाय म्हणजे संथपणे तयार होत असलेली राज्यघटना. शंकर यांचं हे व्यंगचित्र २८ ऑगस्ट १९४९चं. २०१२ साली अकरावीच्या पाठ्यपुस्तकातल्या या चित्रावरून संसदेत गदारोळ झाला, पुण्यात त्या पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली, ते आठवत असेल. मी तेव्हापासून या चित्राच्या मागे आहे. त्याचा खरा काळ मात्र मला कोल्हापुरात उमगला.

दसरा चौकात शाहू महाराजांच्या पुतळ्याला नमस्कार करून बिंदू चौकात आले. जुन्या तटाची भिंत, रिक्षांची झुंबड, आणि त्या गलबल्यात महात्मा फुले व बाबासाहेब यांचे अर्धपुतळे. कोल्हापूरचे समाजसुधारक भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं ते बसवले गेले ९ डिसेंबर १९५० रोजी. फोटो काढत होते, तर शेजारी उभे असलेले एक आजोबा आपणहून म्हणाले, "जित्तेपणी बसवलाय बगा बाबासाहेबांचा पुतळा. माघारी न्हवं." आवाजात अभिमान होता, आणि तो रास्तच आहे. व्यंगचित्र छापून आलं त्याला तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

मग 'उशीर' नेमका कसला होता? पाठ्यपुस्तकातही चित्राखाली हाच प्रश्न होता: घटना समितीला इतका वेळ का लागला असावा? समिती पहिल्यांदा बसली ९ डिसेंबर १९४६ला, घटना मंजूर झाली २६ नोव्हेंबर १९४९ला. मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. सभासद वैतागले होते. मसुदा समितीला एकानं 'भरकटलेली समिती' असंही म्हटलं. मसुदा समितीत माणसं सात. टी. टी. कृष्णम्माचारींनी सभागृहातच सांगितलं होतं, की कुणी राजीनामा दिला, कुणी वारलं, कुणी अमेरिकेत, कुणी संस्थानी कामात; भार पडला तो आंबेडकरांवर. आणि २५ नोव्हेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी हिशेबच मांडला: अमेरिकेची घटना सात कलमांची, आपली ३९५ कलमांची, ऑस्ट्रेलियाला तर नऊ वर्षं लागली. हे भाषण त्या व्यंगचित्राशेजारी ठेवून वाचा, चित्रातली गोगलगाय एकदम वेगळी दिसते.

हे सगळं चाललेलं असताना कोल्हापूरही शांत नव्हतं. १ मार्च १९४९ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. संस्थानं आत येत होती, नकाशा बदलत होता, आणि त्याच नकाशासाठी कायदा लिहायचा होता. घाई कशी करणार?

राखीव जागांची गोष्ट तर इथल्या माणसांना आपली वाटते. २६ जुलै १९०२च्या जाहीरनाम्यानं शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा राखून ठेवल्या. त्याच प्रश्नावर नोव्हेंबर १९४८मध्ये घटना समितीत खल झाला आणि उत्तर द्यायला उभे राहिले बाबासाहेब.

दुपारी कोल्हापूर जिल्ह्यातल्याच माणगावला गेले. मार्च १९२०मध्ये तिथल्या परिषदेत शाहू महाराजांनी जमलेल्या लोकांना सांगितलं होतं, की बाबासाहेबांच्या रूपानं तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांचं 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू झालं होतं, त्यालाही महाराजांची मदत होती. कोल्हापूरला येणारे अंबाबाईचं दर्शन घेऊन पन्हाळा गाठतात. त्यांनी माणगावसाठी अर्धा दिवस काढावा, हे मी आग्रहानं सांगते.

शंकर यांना वेळकाढूपणावर बोट ठेवायचं होतं, आणि नेहरू व आंबेडकर दोघेही गोगलगायीलाच हाकताहेत, असं मला वाटतं. पण चित्रात बाबासाहेबांच्या पाठीशी चाबूक आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांच्या पाठीवर खरेच वळ उठले, त्यांच्या डोळ्यांना आधी तो चाबूक दिसणारच, आणि त्यांना 'विनोद कळत नाही' म्हणणं अन्यायाचं आहे. तरी हे चित्र शाळेत दाखवावं, असं माझं मत. फक्त शिक्षकांनी ते ७,६३५ दुरुस्त्यांचा आकडा फळ्यावर लिहून मगच उघडावं.