सायनसचं ऑपरेशन आणि केसपेपरवरची एक ओळ

ऑपरेशन दीड तासात झालं. विमा कंपनीकडून कॅशलेसच्या मंजुरीला मात्र तीन दिवस लागले, आणि ते तीन दिवस आठवले की अजून डोकं तापतं.

पॉलिपमुळे, म्हणजे नाकात वाढलेल्या मऊ गाठींमुळे, माझी डावी नाकपुडी पूर्ण बंद होती. मंगळवारची तारीख मिळाली, प्री-ऑथ, म्हणजे आगाऊ मंजुरीचा अर्ज, विमा कंपनीकडे गेला आणि क्वेरी आली: आजार पॉलिसी घेण्याआधीचा दिसतो. कारण काय, तर केसपेपरवर कुणीतरी घाईत लिहिलं होतं, ‘दहा वर्षांपासून त्रास’. मी फक्त पावसाळ्यातल्या सर्दीबद्दल बोललो होतो. पॉलिप याच वर्षी सापडला. हॉस्पिटलमधला टीपीए डेस्क (विम्याचे कागद बघणारा) म्हणे, डॉक्टरांकडून लिहून आणा. डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. चार तासांनी पत्र मिळालं, तर त्यावर शिक्का नाही. शिक्का घेतला, तर दुसरी क्वेरी: नाकातला वाकडा पडदा सरळ करणं कॉस्मेटिक आहे का? अहो, मला रात्री तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं! एका तासात निर्णय द्यायचा, असं विमा नियामक इर्डाचं २०२४ चं परिपत्रक मी मोबाइलवर दाखवलं. ‘क्वेरी निघाली की तास परत सुरू होतो,’ असं उत्तर मिळालं. मंजुरी गुरुवारी संध्याकाळी आली.

म्हणून सांगतो, केसपेपर पुढे जाण्याआधी स्वतः वाचा. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून सही घ्या.

बाबांचं हेच ऑपरेशन १९८६ साली वरच्या ओठाच्या आत चीर देऊन, गालामागचं हाड फोडून झालं होतं. महिनाभर सूज होती. माझ्या चेहऱ्यावर ओरखडाही नाही. ऑस्ट्रियातल्या ग्राझचे डॉक्टर मेसरक्लिंगर यांनी दाखवून दिलं की सायनसमधला स्राव त्याच्या नैसर्गिक तोंडाकडेच वाहतो, खाली दुसरं भोक पाडलं तरी. म्हणून आता तेच तोंड मोकळं करतात. भौतिकशास्त्रज्ञ हॉपकिन्स यांच्या काचकांड्यांच्या भिंगांमुळे चार मिलिमीटरच्या दुर्बिणीतून हे सगळं स्वच्छ दिसतं, आणि मायक्रोडिब्रायडर नावाचं फिरत्या पात्याचं उपकरण पॉलिप कापता कापताच ओढून घेतं. डॉक्टरांनी नंतर रेकॉर्डिंग दाखवलं: द्राक्षासारखे फिकट घोस, आणि ते गेल्यावर मागे उघडलेली गुलाबी वाट.

ऑपरेशननंतर नाकात भरलेलं पॅकिंग काढताना डोळ्यांतून पाणी येतं, पण अर्धा मिनिटच. नाक धुवायला पाणी उकळून गार केलेलंच घ्या. पंधरा दिवस नाक शिंकरू नका. आणि हो, सीटी स्कॅनची सीडी हॉस्पिटलमध्ये विसरू नका. फॉलोअपला तीच मागतात.