डेअरीच्या बाकावर बीपी

आरोग्य उपकेंद्र सकाळी नऊला उघडतं आणि नऊ वाजता आमच्या गावातला गडी गावात नसतो. कुणी शिरोलीच्या एमआयडीसीत, कुणी गोकुळ शिरगावला, उरलेले रानात. बायका वैरणीला. २०२२ मध्ये समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून कोल्हापूरजवळच्या करवीर तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावात मी रुजू झाले. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा रक्तदाब, साखर आणि कॅन्सरच्या शंकेसाठी तोंड तपासायचं काम माझ्याकडे होतं. समोर मात्र खोकल्याचं औषध मागणारे आजोबा आणि लसीची बाळं.

आशाताईंनी घरोघरी फिरून फॉर्म भरले होते. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरात कुणाला बीपी-शुगर. चारच्या वर गुण आले की त्या माणसाला आधी तपासायचं. यादी मोठी झाली. फोन केले, निरोप धाडले. "येतो की मॅडम," सगळेच म्हणायचे.

शेवटी आशाताईच म्हणाल्या, "मॅडम, माणूस कुठं सापडतंय ते बघा. सकाळी डेअरीवर निम्मं गाव असतंय."

दूध संस्थेच्या सचिवांना भेटले. त्यांची अट एकच, रांग थांबायला नको. मला एक बाक, एक टेबल आणि भिंतीकडेची जागा मिळाली. पहाटे साडेपाचला उपकेंद्राचं कुलूप काढून मशीन पिशवीत घालायची आणि चालत जायचं.

पहिली अडचण अशी की, हातात भरलेली किटली घेऊन चढ चढून आलेल्या माणसाचं बीपी लगेच घेतलं तर ते वरच दिसणार. वर चहा झालेला, गालात तंबाखू. म्हणून नियम केला: दूध घालायचं, पावती घ्यायची, पाच मिनिटं बाकावर टेकायचं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, बोलायचं नाही. बोलायचं नाही हे सगळ्यात अवघड. दुधाचा दर, उसाचा हप्ता आणि कालची कुस्ती हे विषय सोडून कोल्हापूरचा माणूस पाच मिनिटं गप्प बसला तर बायको काळजीत पडेल. १४०/९० च्या वर आलं तर थोड्या वेळानं परत घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका आकड्यावर कुणाला पेशंट ठरवायचं नाही, हे मी तिथं दहा जणांसमोर मोठ्यानं सांगत राहिले, कारण लोकांची भीती तीच होती. एक मामा दंडाला पट्टा बांधून घेताना म्हणाले, "म्हशीच्या दुधाची फॅट रोज दोनदा बघतोय, स्वतःची पन्नास वर्षांत न्हाई बघितली." त्यानंतर हाच विनोद रांगेत फिरला आणि माझं निम्मं काम झालं.

मग राजकारण आलं. आमच्या गावात दूध संस्था दोन. एक या गटाची, एक त्या गटाची. तालमी दोन, गणपती दोन. मी एका डेअरीवर बसले तशी दुसरीकडं चर्चा सुरू झाली, की मॅडम त्यांच्या आहेत. प्रशिक्षणात 'समुदायाचा सहभाग' हा शब्द शंभर वेळा ऐकला होता. समुदाय म्हणजे एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन डेअऱ्या असू शकतात, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या संस्थेच्या चेअरमनकडे गेले. बरोबर आशाताई होत्या, ज्यांचं माहेर एका गटात आणि सासर दुसऱ्यात. वार वाटून दिले. दर दहा दिवसांनी बिल मिळतं त्या दिवशी गर्दी जास्त, म्हणून तो दिवस आलटून पालटून दोघांना. हे वेळापत्रक मी नाही केलं, त्या दोन सचिवांनी केलं. एकमेकांना फोन न करता, आशाताईंच्या तोंडून निरोप देत.

तपासणी सोपी, गोळी अवघड. अम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केलेल्या एका दाजींच्या घोट्यांवर सूज आली. त्यांनी गोळी बंद केली आणि तालमीत सांगितलं की सरकारी गोळीनं किडनी जाते. आठवडाभरात बऱ्याच जणांनी गोळ्या सोडल्या. या गोळीनं काही जणांचे पाय सुजतात, त्यात किडनीचा संबंध नसतो आणि गोळी बदलता येते, हे मी घरोघरी सांगून उपयोग नव्हता. दाजींना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गोळी बदलली, सूज उतरली. मग दाजींनीच तालमीत जाऊन पाय दाखवले.

सचिवांना वाटलं, गोळ्या चुकवणाऱ्यांची नावं डेअरीच्या फळ्यावर लावावीत, म्हणजे लाजेनं तरी येतील. हेतू चांगला. बचत गटाच्या बायकांनी तिथंच हाणून पाडलं. लग्नाच्या पोरीची साखर फळ्यावर कशाला? यादी आशाताईंच्या वहीतच राहिली.

बायकांचं आणखी एक म्हणणं होतं. तोंडाची तपासणी त्या डेअरीवर करून घेईनात, कारण मिश्री लावतो हे सासऱ्यांसमोर कसं दाखवायचं? उपकेंद्रात येईनात, कारण तपासणीच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे. हे मला जन आरोग्य समितीत कळलं. समितीचे अध्यक्ष सरपंच, सदस्य सचिव मी. उपकेंद्राला वर्षाला ५० हजारांचा मुक्त निधी असतो आणि तो कशावर खर्च करायचा हे समिती ठरवते. मी ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि वजनकाटा लिहून नेला होता. बचत गटाची अध्यक्षा म्हणाली, आधी पडदा आणि आतून कडी. ठराव पडद्याचा झाला. पडदा लागल्यावर मिश्रीवाल्या बायका दुपारच्या येऊ लागल्या, एकीला आणताना दुसरीला घेऊन. दोघींच्या गालात पांढरे चट्टे सापडले, त्यांना पुढं कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवलं.

मेमधल्या बैठकीत पुराचा विषय निघाला. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी गाठते, ४३ ला धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ च्याही वर गेली. तेव्हा मी इथं नव्हते. समितीतल्या एका आजी होत्या. "भाकरी मिळाली, कपडं मिळालं," त्या म्हणाल्या. "गोळ्या घरातच ऱ्हायल्या. शाळेत बिनगोळीची बसलो. चक्कर आली तर म्हणाले, भीतीनं आली."

तिथंच ठरलं: जूनच्या आत बीपी-शुगरच्या प्रत्येकाला जादा महिन्याच्या गोळ्या, आधार कार्डाच्या प्लास्टिक पिशवीतच ठेवायच्या. इन्सुलिनवाल्यांची वेगळी यादी, पाणी इशाऱ्याला लागलं की त्यांचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यातून आधी हलवायचं. पिशव्या दोन्ही डेअऱ्यांनी दिल्या. एकमेकांपेक्षा जाड.

गोळ्यांची मागणी मी वर पाठवली. महिन्याच्या ऐवजी पंधरा दिवसांचा जादा साठा आला. पुढच्या बैठकीत आजींनी पहिला प्रश्न तोच विचारला, आणि या वेळी उत्तर द्यायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलवायचं असा ठराव सरपंचांनी लिहून घेतला.